पातेल्यातला सेन्सर

गाडीला पंधरा वर्षं झाली की आरटीओ तिची नोंदणी नव्याने करायला लावतं, पर्यावरण कर भरून घेतं आणि मग पाच वर्षं तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. गल्ली मात्र बघते. नव्या गाडीकडे लोक लांबून बघतात. जुन्या गाडीकडे थांबून, वाकून, नाक लावून बघतात आणि निष्कर्ष ऐकवल्याशिवाय पुढे सरकत नाहीत. माझी गाडी २००२ सालची. एमएच ०९, पेट्रोल, चार सिलिंडर, घेतली तेव्हा पांढरी. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे घडलं त्यात कंपनीचा काही दोष नाही. गाडी इतकी वर्षं कोणी चालवेल अशी तिनं कधी धमकीही दिली नव्हती.

दुखणं असं होतं. सकाळी गाडी एका चावीत सुरू व्हायची. डिसेंबरातल्या कोल्हापूरच्या गारठ्यातसुद्धा हूं की चूं नाही. पण एकदा तापली आणि भाजी घ्यायला म्हणून दहा मिनिटं बंद केली, की पुढचा तमाशा बघायला मंडई जमायची. स्टार्टर नुसता कण्हायचा. बऱ्याच वेळाने इंजिन एकदम भडकून उठायचं, ते मागे काळ्या धुराचा लोट सोडून. सिग्नलला उभं राहिलं की आत पेट्रोलचा वास. आणि ॲव्हरेज लिटरला सोळावरून अकरावर.

शेजारचे तात्या म्हणाले, "कार्बोरेटर खोलून साफ करून घ्या."

"तात्या, या गाडीला कार्बोरेटर नाही."

"मग तोच प्रॉब्लेम आहे," तात्या म्हणाले.

मेहुण्याच्या मते पेट्रोलमध्ये भेसळ होती. ऑफिसातल्या एकाच्या मते क्लच गेला होता. क्लचचा आणि काळ्या धुराचा संबंध काय, असं विचारल्यावर कळलं की मागच्याच महिन्यात त्याच्या स्वतःच्या गाडीचा क्लच गेला होता, आणि दुःख एकट्याने भोगू नये असा त्याचा स्वभाव आहे. बायकोचं मत सगळ्यात थोडक्यात होतं. ती म्हणाली, "विका."

शेवटी शिवाजी उद्यमनगर गाठलं. ओतकामापासून लेथपर्यंत लोखंडाचं जे म्हणून काही करता येतं, ते सगळं उद्यमनगरात होतं. तिथल्या माणसाला तुम्ही बोल्ट नुसता दाखवलात तरी तो आट्याचा पीच सांगतो. मेस्त्रींनी बॉनेट उघडलं, इंजिन चालू करून अर्धा मिनिट मान तिरकी करून ऐकलं, एक प्लग काढला, त्याच्यावरची काजळी अंगठ्याने पुसली आणि अंगठा माझ्यासमोर धरला.

"रिच चालाय लागलीया बघा गाडी, पेट्रोल जास्त खातीया. टेंपरेचर सेन्सर गेलाय. नवा टाकू."

"कशावरून?"

"अंगठ्यावरनं."

"तपासून बघायचा का आधी?"

मेस्त्रींनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी जणू जेवणाआधी ताट वजन करून मागितलं होतं. मग त्यांनी मला समजावलं. सेन्सर काहीशे रुपयांचा. तो तपासत बसलो तर माझा अर्धा दिवस जातो, आणि अर्ध्या दिवसात मी दोन गाड्यांचे ब्रेक करतो. नवा टाकला आणि गाडी सुधारली, तर सेन्सर खराब होता. नाही सुधारली, तर दुसरं काहीतरी खराब आहे. या तर्कात मला आजही भोक सापडलेलं नाही. गॅरेजच्या हिशेबात तो बिनतोड आहे. फक्त काहीशे रुपयांची जी वस्तू सुधारणा न होता गाडीत बसणार होती, ती माझ्या हिशेबात धरलेली होती.

आता हा सेन्सर काय चीज आहे ते सांगायला हवं, कारण तात्यांना ते अजून पटलेलं नाही.

गार इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं. थंड धातूवर पेट्रोलची नीट वाफ होत नाही. त्यातलं बरंचसं भिंतींना चिकटून बसतं, म्हणून थोडं जास्तच ओतावं लागतं. कार्बोरेटरच्या जमान्यात ही जबाबदारी माणसाची होती. सकाळी चोक ओढायचा, इंजिन तापलं की आत ढकलायचा. माझे वडील चोक ओढण्यात पटाईत होते, ढकलण्यात नव्हते. घरापासून रंकाळ्यापर्यंत आमच्या मागे जो काळा पट्टा उमटायचा, तो त्यांच्या विसरभोळेपणाचा. पुढे १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातल्या नव्या गाड्यांना युरो मानकं तारखा घालून लागू केली, आणि त्यानंतर काही वर्षांतच देशभरच्या नव्या मोटारींतून कार्बोरेटर हद्दपार झाला. त्याच्या जागी एमपीएफआय, म्हणजे इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन, आलं आणि पेट्रोल किती द्यायचं हे कॉम्प्युटर ठरवू लागला. जगाच्या मानाने आपण उशिराच जागे झालो. बॉशची डी-जेट्रॉनिक ही इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनची प्रणाली फोक्सवॅगनच्या गाडीत १९६७ सालीच आली होती. गंमत म्हणजे त्या गाडीचं इंजिन हवेवर थंड होणारं, त्यामुळे कूलंटचा प्रश्नच नव्हता. सेन्सर थेट सिलिंडरच्या हेडला लावलेला असे.

तर हा कॉम्प्युटर डॅशबोर्डखाली अंधारात बसून असतो. इंजिनाचं तोंड त्याने जन्मात पाहिलेलं नसतं. इंजिन गार आहे की तापलं आहे, हे त्याला एका तारेवरून कळतं. त्या तारेवर तो आपल्याजवळच्या एका ठरावीक रेझिस्टन्समधून ५ व्होल्ट सोडतो. तारेच्या दुसऱ्या टोकाला इंजिनातल्या पाण्यात तोंड बुडवून बसलेला पितळी बोंडाचा सेन्सर. तो गार असला की त्याचा रेझिस्टन्स जास्त, मग व्होल्ट चढे राहतात. तापला की रेझिस्टन्स कमी, मग व्होल्ट उतरतात. एवढाच अहवाल. कॉम्प्युटर तो वाचतो, जागेवरून न उठता मान्य करतो आणि तेवढं पेट्रोल मंजूर करतो.

"पण काटा तर बरोबर मध्यावर आहे!" तात्यांनी काच खाली करून आत बोट दाखवलं. डॅशबोर्डवरचा सी आणि एचच्या मधला तो काटा, त्याच्याविषयी म्हणत होते ते. ही शंका रास्त होती आणि तिचं उत्तर मला फार आवडतं. माझ्या गाडीसारख्या पुष्कळ जुन्या गाड्यांत पाण्याचं तापमान सांगणारे दोन वेगळे इसम नेमलेले असतात. एका तारेचा इसम काट्याला सांगतो, म्हणजे मालकाला. दोन तारांचा इसम कॉम्प्युटरला सांगतो. दोघे एकाच पाण्यात शेजारी शेजारी बुडालेले, पण एकमेकांशी बोलत नाहीत. मालकाला सगळं आलबेल दिसत असतं आणि पेट्रोल मंजूर करणाऱ्याकडे भलताच अहवाल जात असतो.

मग कॉम्प्युटरला संशय येत नाही का? येतो, पण थाप फारच मोठी असेल तर. सेन्सरची तार तुटली तर पूर्ण ५ व्होल्ट दिसतात, त्याचा अर्थ उणे ४० अंश. ही सियाचीनची थंडी. कोल्हापुरात अशी वार्ता आली की कॉम्प्युटरसुद्धा चपापतो, डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लावतो आणि सेन्सरचं ऐकणं सोडून मनानेच काहीतरी मधलं तापमान धरून गाडी चालवतो. पण तीस अंश, चाळीस अंश अशी पटण्याजोगी थाप त्याला ओळखता येत नाही. आणि पटण्याजोगी थाप मारणाऱ्यांचं कुठे कोणी काय वाकडं केलं आहे?

माझ्या गाडीचा दिवा लागत नव्हता. आजच्या गाड्यांना असतं तसं स्कॅनर लावायचं सॉकेट या वयाच्या गाडीला नाही. एका डब्यातल्या दोन पिना तारेच्या तुकड्याने जोडायच्या आणि पिवळा दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजायचं. एकदा लुकलुकला, थांबला, मग दोनदा लुकलुकला. म्हणजे बारा. माझ्या गाडीच्या शास्त्रात बाराचा अर्थ 'काही तक्रार नाही'. गाडीचे बारा वाजले असताना तिने स्वतःच बारा सांगावेत आणि त्याचा अर्थ सर्व कुशल असा निघावा, याला काय म्हणायचं?

मी ठरवलं, मतं पुष्कळ झाली. आता माप.

रविवारी सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना, एकोणीसचा पाना लावून सेन्सर सोडवला. गार असताना हे महत्त्वाचं. रेडिएटरचं झाकण आतलं पाणी दाबाखाली ठेवतं, त्यामुळे ते शंभराच्या बरंच वर जाऊनही उकळत नाही, आणि तापलेल्या इंजिनाला कुठेही भोक पाडलंत की ते सगळं एकदम तुमच्या तोंडावर उकळायला येतं. गार असल्याने माझ्या बाहीत फक्त पेलाभर हिरवं पाणी गेलं. भोकावर अंगठा दाबून मी मुलीला हाक मारली. तिने वाइनच्या बाटलीचं बूच आणून दिलं. ते बूच आमच्या घरात कुठून आलं याची चौकशी बायकोने त्याच दिवशी सुरू केली. ती अजून चालू आहे.

कृती वाचायला सोपी आहे. सेन्सर पाण्यात टांगायचा, पाणी तापवायचं, थर्मामीटरवर तापमान आणि मल्टीमीटरवर रेझिस्टन्स बघायचा, दोन्ही लिहून घ्यायचं. साहित्य जमवणं अवघड. मल्टीमीटर होता. थर्मामीटर घरातला तापाचा, तो ४२ अंशांपलीकडे जात नाही, आणि त्याला उकळत्या पाण्यात घातलं तर तो फुटतो. मुलगी बारावी सायन्सला आहे. तिने कॉलेजच्या प्रयोगशाळेतून ११० अंशांपर्यंतचा थर्मामीटर रीतसर सही करून आणला. कारण विचारल्यावर तिने 'वडील' असं लिहिलं होतं.

राहिलं पातेलं. पांढऱ्या रश्श्याचं पातेलं मी नुसतं हातात घेतलं तर बायको म्हणाली, "खाली ठेवा." कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं आणि चवीला गोड, हे मीच तिला कधीतरी माहिती म्हणून सांगितलेलं. माहिती आपल्याकडे ठेवावी. मी सेन्सर साबणाने धुऊन, पुसून दाखवला. उपयोग झाला नाही. शेवटी आईचं जुनं, पोचे आलेलं, दूध तापवायचं ॲल्युमिनियमचं पातेलं मिळालं, या अटीवर की ते पुन्हा स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडणार नाही. आई म्हणाली, "तीस वर्षं त्यात दूध तापलंय." आवाज असा, की माणूस वृद्धाश्रमात चाललाय.

पातेल्यावर लाटणं आडवं ठेवलं. लाटण्याला सेन्सर दोऱ्याने असा टांगला की पितळी बोंड पाण्यात आणि पिना पाण्याबाहेर. बुडाला टेकू द्यायचा नाही. बूड पाण्यापेक्षा जास्त तापतं, मग सेन्सर बुडाचं सांगतो आणि थर्मामीटर पाण्याचं. थर्मामीटरही तसाच बांधला. शेजारी नवा सेन्सरही टांगला. हो, नवाही आणला होता. सोबत ज्याच्याशी ताडून बघायचं असा कोणी असल्याशिवाय परीक्षेला अर्थ नाही, असं मुलीचं म्हणणं पडलं, आणि दुकानदाराचं म्हणणं पडलं की इलेक्ट्रिकल माल परत घेतला जाणार नाही. ती पाटी मी पाहिली होती. उकळलेल्या मालाचा उल्लेख तिच्यावर नव्हता, पण तो सूचित असावा.

तात्या आले. खुर्ची घेऊन आले.

मल्टीमीटर २००० ओहमच्या खुणेवर ठेवून मी टोकं पिनांना टेकवली. पडद्यावर फक्त डाव्या बाजूला '१' उमटला.

"एक!" तात्या ओरडले. "एकच ओहम! गेलाच की सेन्सर. शॉर्ट."

त्या एकट्या एकाचा अर्थ 'माझ्या आवाक्याबाहेर' असा असतो. खूण २० हजारवर नेली तेव्हा २.२ आलं, म्हणजे २२०० ओहम. पाणी तेव्हा २२ अंशांवर. नवा सेन्सरही तेच सांगत होता. गॅस लावला.

तापल्यावर ज्याचा रेझिस्टन्स कमी होतो असा पदार्थ मायकेल फॅरडेने १८३३ सालीच पाहिला होता, सिल्व्हर सल्फाइडमध्ये. धातूचं याच्या बरोबर उलटं असतं. तार तापली की वीज अडखळते. तेव्हा फॅरडेला हे अजबच वाटलं असणार. आज मँगनीज, निकेल, कोबाल्ट यांची ऑक्साइडं भट्टीत भाजून असले मणी मुद्दाम बनवतात. तापलं की त्यातले इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि वाट सुधारते. हे मला मुलीने पाणी ४० अंशांवर येईपर्यंत समजावलं. ४० ला ११५० ओहम. ६० ला ५९०. ८० ला ३२०. आकडे सुरुवातीला धाडधाड पडतात आणि पुढे पुढे अगदी हळूहळू उतरतात. मुलीच्या वहीत त्याची घसरगुंडी उमटत गेली. जुना आणि नवा यांच्यातला फरक किती, तर मीटरचा शेवटचा आकडा इकडे की तिकडे एवढाच.

मग पाणी खळखळून उकळलं आणि थर्मामीटर ९८ वर थांबला. मी गॅस मोठा केला. ९८.

तात्या खुर्चीत पुढे सरकले. "थर्मामीटर खोटा आहे. पाणी शंभरला उकळतं. आम्ही चौथीत शिकलोय."

मुलीने वहीतून मान वर न करता सांगितलं की ते समुद्रकाठी. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, आणि दर तीनशे मीटरला साधारण एक अंश कमी होतो.

"म्हणजे पन्हाळ्यावर?"

"तिथे आणखी एखादा अंश कमी, आजोबा."

तात्या बराच वेळ गप्प राहिले. "तरीच," ते म्हणाले. "पन्हाळ्यावरचा चहा कधी मनासारखा झालेला नाही. आणि मी उगीच तिथल्या माणसांना बोलत होतो."

९८ ला दोन्ही सेन्सर १९० ते २०० ओहमच्या घरात. वर्कशॉप मॅन्युअलमध्ये २० अंशांना दोन ते तीन हजार आणि ८० ला तीनशेच्या आसपास एवढं असलं की सेन्सर निर्दोष. माझा जुना सेन्सर, ज्याला अंगठ्यावरून शिक्षा सुनावली गेली होती, तो बावनकशी निघाला. घरात शांतता पसरली. दोन्ही सेन्सर सारखेच आले, हे मी तात्यांना पुन्हा सांगितलं.

"म्हणजे दोन्ही खराब," तात्या म्हणाले.

या ठिकाणी शोध थांबला असता. तो पुढे नेला माझ्या आईने, आणि तिला सेन्सरशी काही देणंघेणं नव्हतं. ती आपल्या पातेल्याचं काय झालं ते बघायला आली होती. ओट्यावर जुना सेन्सर पडला होता. तिने तो उचलला, चष्मा कपाळावर सारला आणि पिनांच्या बुडाशी नखाने खरवडलं.

"हे कळकलंय," ती म्हणाली.

मी बघितलं. दोन पिनांवर हिरवट पांढरा थर.

"पितळ आहे ना हे? कल्हई गेली की पितळेला असंच होतं. ताक ठेवलं होतंत का यात?"

ताक नव्हतं, पण बाकी सगळं तिचं खरं होतं. पिना पितळेसारख्या मिश्रधातूच्या असतात आणि त्यांच्यावर कथलाचा मुलामा असतो. म्हणजे कल्हईच, आमच्या गल्लीत नवसागराचा धूर काढत बसणारा कल्हईवाला तीच वस्तू भांड्याला लावायचा. कारखान्यातली कल्हई नीट असते, पण वीस वर्षांत तीही झिजते, आणि पाणी शिरलं की खालचा तांब्याचा अंश हिरवा होतो. पाणी कसं शिरलं? सेन्सरच्या पिनांवर तारांचा कपलर बसतो, त्याच्या तोंडाशी एक रबरी रिंग असते. माझ्या कपलरला ती नव्हती. गेल्या वीस वर्षांत कोणीतरी कपलर काढला होता, रिंग खाली पडली होती आणि ती उचलण्यापेक्षा पुढच्या गाडीचे ब्रेक करणं त्याला महत्त्वाचं वाटलं होतं. त्यानंतर दर सर्व्हिसिंगला इंजिनावर प्रेशरने पाणी.

पण मग मल्टीमीटरला हे कसं कळलं नाही? मला हा प्रश्न पडला तेव्हा मुलीने मीटरची टोकं माझ्यासमोर धरली. सुईसारखी अणकुचीदार. मी ती पिनांवर दाबली तेव्हा ती थर फोडून धातूला भिडली होती. कपलरच्या आतली पट्टी मऊ, ती त्या हिरव्या थरावर नुसती बसून राहते. सेन्सर जे खरं सांगत होता, ते वाटेत त्या थरापाशी बदलत होतं.

दुपारी सेन्सर परत बसवला. नवा तांब्याचा वॉशर, कूलंटची भर, हवा काढणं, सगळं. इंजिन पंखा लागेपर्यंत तापवलं. मग कपलरच्या मागच्या बाजूने तारेशेजारून टाचण्या आत सरकवून व्होल्ट मोजले. तापलेल्या इंजिनाला अर्ध्या व्होल्टच्या आसपास हवेत. मिळाले दोनाच्या वर. मुलीने हिशेब मांडला आणि माझ्याकडे अत्यंत आनंदी चेहऱ्याने पाहिलं. मार्क असलेल्या प्रश्नांना तिचा असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. त्या कळकलेल्या थराने मध्येच सुमारे दीड हजार ओहमची भर घातली होती. सेन्सर म्हणतो अडीचशे, कॉम्प्युटरला ऐकू येतं साडेसतराशे, आणि साडेसतराशे म्हणजे २८ अंश. इंजिन नव्वदला तळमळतंय आणि आत बसलेल्याला वाटतंय, कोल्हापूरला छान हवा पडली आहे, गाडी आत्ताच बाहेर काढली आहे, द्या जरा जास्त पेट्रोल.

आणि सकाळी काहीच त्रास का नाही, हे कोडंही त्याच दीड हजारात सुटलं. गार सेन्सरचे मुळात २२०० ओहम. त्यात दीड हजार मिळवले तरी कॉम्प्युटरला एवढंच वाटतं की २२ नसून दहाएक अंश आहेत. थंडीच्या दिवसांत बाराएक अंशांची चूक म्हणजे थोडं जास्त पेट्रोल, आणि गार इंजिनाला त्याने बरंच वाटतं. तीच भर अडीचशेवर पडली की साठ अंशांचा घोटाळा. थर तोच, ओहम तेवढेच.

मंगळवारी पुन्हा उद्यमनगर. मेस्त्रींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. कपलर काढून उजेडात धरला, आत फुंकर मारली, "आयला," एवढंच म्हणाले. मग कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा, सेफ्टी पिनने खरवडणं, पुन्हा फवारा, वर ग्रीस, आणि एका मोडीत निघालेल्या गाडीच्या कपलरची रबरी रिंग. पैसे फवाऱ्याचे घेतले. रिंगचे घेतले नाहीत. टाचण्या टोचून व्होल्ट बघितले तर अर्ध्यावर. तापलेल्या इंजिनाची चावी बंद करून आम्ही दोघं तिच्याकडे बघत दहा मिनिटं उभे राहिलो आणि मग मेस्त्रींनी चावी फिरवली. धूर नाही, कण्हणं नाही. ॲव्हरेजही पुढच्या टाकीपासून पुन्हा सोळाच्या आसपास यायला लागलं. नवा सेन्सर डिकीत आहे. तो मी उकळून तपासलेला असल्याने त्याच्या बाबतीत माझी खात्री आहे.

मेस्त्रींना मात्र वेगळीच गोष्ट लागून राहिली होती.

"घरात उकळला म्हनता? गॅसवर?"

"हो."

"वहिनी काय म्हणाल्या?"

मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, हात पुसले, थोडं घुटमळले. "मग ते पातेलं आता काय करनार? घरात तर चालायचं न्हाई."

बायकोने पातेलं त्याच संध्याकाळी पाठवून दिलं, लाटण्यासकट. आईने बदल्यात पितळेचं नवं मागितलं आहे आणि कल्हईवाला ती स्वतः शोधणार आहे. गेल्या आठवड्यात गॅरेजवरून गेलो तेव्हा आत स्टोव्ह पेटलेला होता, पातेलं वर होतं, आणि तात्या खुर्ची टाकून बसले होते. त्यांच्या स्कूटरला असला सेन्सर नाही हे मी त्यांना सांगितलं नाही. दारावर नवी पाटी होती: 'टेंपरेचर सेन्सर उकळून तपासून मिळतील.' खाली बारीक अक्षरांत: 'या पातेल्यात चहा होत नाही. विचारू नये.'